खानदेशात मानसशास्त्राची पदवी : कुठवर नेते, कुठे अडवते

आधी निकाल सांगून टाकू, कारणं मागून. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत राहून बी.ए. मानसशास्त्र करणं चांगलं आहे, जरूर करावं. एम.ए.ही इथे होतं, पण कॉलेज पारखून घ्यावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर खानदेशाबाहेर किमान दोन वर्षं राहण्याची तयारी पहिल्या वर्षापासूनच ठेवावी. आणि 'आधी कोणतीही पदवी घेऊ, मग घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. करून टाकू' असा बेत अजून कुणाच्या घरात शिजत असेल, तर तो आजच सोडावा. ते दार बंद झालं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

प्रवेशाच्या दिवसांत सर्वात जास्त घोळ होतो तो नावांचा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा पदविका. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांचा. मानसशास्त्र शिकलेला माणूस औषध लिहीत नाही; तो चाचण्या घेतो, समुपदेशन करतो, मानसोपचार करतो. त्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे कायद्याने बांधलेलं नाव आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची व्याख्या आहे आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. नुसत्या एम.ए.वर ही पाटी लावता येत नाही. समुपदेशक हा शब्द मात्र आजवर कुणीही वापरत आला आहे, अगदी आठवड्याचं शिबिर केलेलासुद्धा. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने या क्षेत्रालाही नोंदणीची चौकट आणली आहे. म्हणून आज प्रवेश घेणाऱ्याने 'पुढे कोण विचारतंय' या भरवशावर राहू नये.

बी.ए.त काय पदरात पडतं

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं आणि तीनही जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्याकडे आली. बी.ए.ला मानसशास्त्र घेण्यासाठी बारावीची शाखा आडवी येत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठूनही या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सत्राला २२ क्रेडिट्स असतात. तीन वर्षांनी १३२ झाली की पदवी, चौथं वर्ष केलं की १७६ आणि ऑनर्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३० तास. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण कॉलेजची खरी परीक्षा या ३० तासांतच होते. घरी मात्र अजून जुन्याच भाषेत विचारतात, 'स्पेशल कोणता घेतला?' तर मानसशास्त्र हा नावापुरता विषय न राहता मेजर, म्हणजे जुना 'स्पेशल', मिळतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. काही कॉलेजांत तो फक्त जोडविषय म्हणून असतो. तीन वर्षं शिकूनही तो मेजर नसेल, तर पुढे एम.ए. आणि आरसीआयच्या प्रवेशांच्या पात्रतेत अडचण येते.

अभ्यासक्रम पायापासून वर चढतो. संवेदन, अवधान, स्मरण, प्रेरणा, मग सामाजिक मानसशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र, समुपदेशन, संशोधन पद्धती आणि सांख्यिकी. मराठीतून शिकता येतं आणि परीक्षाही मराठीत देता येते, ही खानदेशातल्या मुलांसाठी मोठी सोय आहे. पण याच सोयीत पुढची अडचण दडलेली आहे. यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा मानसशास्त्राचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत येतो. मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा इंग्रजीत असतात. म्हणून वही मराठीत असू द्या, पण प्रत्येक संज्ञेचं इंग्रजी नाव समासात देवनागरीत का होईना, लिहून ठेवा. 'प्रबलन' शिकलेल्या मुलाला 'रीइन्फोर्समेंट' दिसल्यावर थबकायला होत असेल, तर त्याची दोन वर्षं उगाच वाया जातात.

सांख्यिकीला घाबरून विषय सोडणारे दरवर्षी दिसतात. घाबरण्यासारखं त्यात फारसं नाही. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-कसोटी, काय-वर्ग एवढं हातून सोडवता आलं की बी.ए.ला पुरतं. दहावीच्या गणितापलीकडे त्यात काही नाही. मात्र गाइडमधली सोडवलेली उदाहरणं पाठ करून भागत नाही, कारण एम.ए.च्या प्रबंधात आकडे तुमचे स्वतःचे असतात.

प्रयोगशाळा: इथे खरी पारख होते

मानसशास्त्राचा विभाग कसा आहे हे भिंतीवरच्या फ्रॉइडच्या फोटोवरून कळत नाही. साहित्याचं कपाट उघडायला सांगा.

म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग घ्या. पट्टीवर दोन रेघा असतात. ठरलेल्या रेघेच्या टोकांना मिटलेले बाण असतात. सरकत्या रेघेची टोकं पिसासारखी बाहेर उघडलेली असतात. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, दोन्ही रेघा सारख्या दिसेपर्यंत पट्टी सरकवायची. प्रयोगकर्त्याने मागच्या मोजपट्टीवर मिलिमीटरमध्ये वाचन घ्यायचं. ठरलेली रेघ १०० मिमी असेल आणि ४० वाचनांची सरासरी ८६ आली, तर भ्रम १४ मिमीचा. सोपं वाटतं. पण ती ४० वाचनं चार दहांत वाटायची असतात: सरकती रेघ डावीकडे ठेवून लांबीवरून आत, डावीकडेच आखूडपासून बाहेर, मग उजवीकडे तसंच दोनदा. असं केलं नाही तर १४ मिमीतला भाग किती रेघेच्या टोकांमुळे, किती हात सरकवण्याच्या दिशेमुळे आणि किती जागेमुळे, हे वेगळं काढता येत नाही. वेळ वाचवायला सगळी वाचनं एकाच बाजूने घेतली की आकडे छान जुळतात, पण प्रयोग वाया जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रयुक्त मोजपट्टीच्या बाजूला बसतो. आकडा दिसला की डोळा फसायचा थांबतो.

आरशात पाहून तारा गिरवण्याचा प्रयोगही तितकाच बोलका आहे. दुहेरी रेघेचा तारा, समोर उभा आरसा, हातावर आडपडदा. आधी डाव्या हाताने एकदा, मग उजव्या हाताने सलग दहा वेळा, आणि शेवटी पुन्हा डाव्या हाताने. रेघ ओलांडली की एक चूक धरायची आणि दर वेळचे सेकंद लिहायचे. उजव्या हाताचं शिकणं डाव्याला किती मिळालं, ते पहिल्या आणि शेवटच्या डाव्या प्रयत्नांच्या फरकातून दिसतं. पहिल्या प्रयत्नात पेन्सिल कोपऱ्यावर अडकून थरथरते आणि माणूस चिडतो. ही चिडही नोंदवायची असते. प्रयोगवहीत निरीक्षणाचा रकाना त्यासाठीच ठेवलेला आहे आणि नेमका तोच रकाना कोरा राहतो.

बिघडतं कुठे? वीस जणांच्या तुकडीला एकच उपकरण असतं. तिघे प्रयोग करतात, सतरा जण वही उतरवतात. बाहेरून आलेला परीक्षक वह्या चाळतो आणि सगळ्यांचा भ्रम १४ मिमीचा दिसला की त्याला काय झालं ते कळतं. पण नुकसान गुणांचं कमी आणि हाताचं जास्त होतं. ज्याने कधी स्टॉपवॉच धरून समोरच्याला सूचना वाचून दाखवली नाही, त्याला पुढे चाचणी घेताना सूचना बदलून सांगायची, सुचवायची, मदत करायची सवय लागते. चाचणीचा निकाल तिथेच मातीत जातो.

म्हणून प्रवेशाआधी तासभर काढून विभागात जा आणि विचारा: उपकरणं किती, त्यातली चालू किती, तुकडी किती जणांची, चाचण्यांची मूळ पुस्तिका आहे की झेरॉक्स? झेरॉक्स असेल तर प्रमाणकांचं, म्हणजे मिळालेले गुण ज्यांच्याशी ताडायचे त्या तक्त्यांचं, पान बहुतेक वेळा गायब असतं, आणि प्रमाणकांशिवाय चाचणीच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. रेव्हनच्या प्रमाणित प्रगामी आकृत्यांची चाचणी असायला हवी: १२ आकृत्यांचे पाच संच, एकूण ६०. भाटिया बॅटरी या बुद्धिचाचणीचे ठोकळे मोजून घ्या, एखादा हरवलेला असतोच. व्यक्तिमत्त्व, अभिरुची आणि अभिक्षमता यांची प्रत्येकी एखादी चाचणी मिळाली तरी बी.ए.पुरतं भागतं.

एका चाचणीवर जरा थांबू

खानदेशात काम करणाऱ्याला बिने-कामत बुद्धिचाचणी समजलीच पाहिजे. वि. वि. कामत यांनी १९३४च्या सुमारास बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, आणि मराठी मुलखातल्या दवाखान्यांत ती अजून वापरात आहे. बुद्ध्यंकाचा हिशेब जुन्या पद्धतीचा आहे: मानसिक वय (ज्या वयाचे प्रश्न मुलाला सुटतात ते) भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. दोन्ही वयं महिन्यांत घ्यायची.

आता खेड्यातल्या शाळेच्या दाखल्याकडे पाहा. अनेकांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून टाकलेली. समजा दाखल्यावर मुलगा बरोबर ९ वर्षांचा, म्हणजे १०८ महिन्यांचा आहे आणि मानसिक वय ७२ महिने आलं. भागाकार ६७ येतो. तोच मुलगा खरं तर ८ वर्षांचा, म्हणजे ९६ महिन्यांचा असेल, तर ७५ येतो. ७०च्या रेषेखाली बौद्धिक अक्षमतेचा विचार सुरू होतो. ७५ ही सीमारेषेवरची पातळी. एका खोट्या १ जूनने पोराच्या कपाळावर चुकीचा शिक्का बसू शकतो. उपाय साधा आहे. आईला विचारा, मोठ्या भावंडापेक्षा किती लहान, पोळ्याच्या आधीचा की नंतरचा, त्या वर्षी कापसाची वेचणी चालू होती का. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंदवही पाहा. खरं वय हाती आल्याशिवाय भागाकार करू नका, आणि अहवालात 'वय दाखल्यानुसार' की 'आईच्या सांगण्यानुसार' हे स्पष्ट लिहा. शिवाय एकट्या बुद्ध्यंकावर अक्षमता ठरत नाही. जेवण, कपडे, दुकानातून सामान आणणं, रस्ता ओलांडणं अशी रोजची जुळवणूकही मोजावी लागते. त्यासाठी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतली. तीही शिकून घ्यावी.

असले प्रश्न शहरी पाठ्यपुस्तकात येत नाहीत. ते शिकवणारा शिक्षक ज्या कॉलेजात असेल, ते कॉलेज लांब पडलं तरी निवडावं, असं आमचं ठाम मत आहे.

भाषा: इथल्या मुलांचं भांडवल

मुंबई-पुण्यात शिकून आलेल्या समुपदेशकापुढे जामनेर-एरंडोलकडची बाई बसते आणि म्हणते, 'माले काही सुधरत नही, जीव घाबरस, डोकं जड पडस.' यात उदासी आहे, चिंता आहे की रक्त कमी आहे, हे तिच्याच बोलीत विचारल्याशिवाय कळत नाही. नैराश्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत आणि गुण ० ते २७. तिचं प्रमाण मराठी भाषांतर वाचून दाखवलं, की बरेचदा उत्तर येतं, 'हा, तसंच.' प्रत्येक प्रश्नाला 'हा, तसंच.' असं मिळालेलं १८ गुणांचं नैराश्य खरं मानू नये. आधी प्रश्न ठरल्या शब्दांत विचारा. मग त्याच प्रश्नाचं उदाहरण तिच्याकडून घ्या: गेल्या पंधरा दिवसांत असं कधी झालं, किती दिवस झालं, त्या दिवशी स्वयंपाक झाला का. उत्तर उदाहरणाशी जुळलं तरच गुण द्या.

सातपुड्याच्या पट्ट्यात अडचण आणखी खोल जाते. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत घरात भिली किंवा पावरी बोलली जाते. मराठी शाळेत भेटते. अशा मुलाची शब्दांवर उभी असलेली बुद्धिचाचणी घेतली तर आपण त्याची मराठी मोजतो, बुद्धी नव्हे. तिथे आकृत्या, ठोकळे, फॉर्म बोर्ड (आकार खाचेत बसवायची पाटी) अशा कृतीच्या चाचण्या आधी घ्याव्यात. दुभाषी लागला तर आशा ताई चालेल, पण तिला आधी बजावावं की मुलाला उत्तर सुचवायचं नाही. आणि मोठ्या माणसाच्या तक्रारी त्याच्याच लेकराकडून भाषांतर करून घेऊ नयेत. बाप लेकरासमोर दारूविषयी बोलत नाही, आई मरणाच्या विचाराविषयी बोलत नाही.

भगताकडे जाऊन आलेल्या कुटुंबाला रागावणारा समुपदेशक दुसऱ्या भेटीला कुणाला दिसत नाही. 'बाहेरचं झालंय' असं ते म्हणाले तर केव्हापासून, कशावरून वाटलं, तिथे काय करायला सांगितलं, हे विचारावं. लक्षणांचा अख्खा इतिहास त्यातूनच मिळतो. मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं असं काही असेल तर मात्र गप्प बसायचं नाही. अहिराणी, पावरी किंवा लेवा बोली घरातून घेऊन आलेला विद्यार्थी हे सगळं सहज करू शकतो. एवढ्या एका गोष्टीत तो मोठ्या शहरातल्या पदवीधराच्या पुढे आहे.

एम.ए. आणि बंद झालेलं दूरस्थ दार

एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांचं ऑनर्स केलं असेल तर एका वर्षाचं. पहिल्या वर्षात नोकरीच्या ठिकाणचं प्रशिक्षण ४ क्रेडिट्सचं, म्हणजे १२० तासांचं. दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प. १२० तास म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवस. एवढ्यात दवाखाना कसा चालतो ते दिसतं, उपचार करता येत नाहीत. पण हे वीस दिवस कुठे काढता यावर बरंच ठरतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा विशेष मुलांच्या शाळेत काढले तर त्यांचं चीज होतं. ओळखीच्या कार्यालयातून सहीशिक्का आणला तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, ६४ क्रेडिट्सचं मानसशास्त्राचं एम.ए. खानदेशातल्या शिक्षकांनी, नर्सेसनी, लग्न झालेल्या मुलींनी मोठ्या प्रमाणात केलं, कारण कोणतीही पदवी चालायची आणि नोकरी सोडावी लागत नसे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. २०२१च्या आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणाऱ्या विषयांना दूरस्थ पद्धत चालणार नाही, हे त्यामागचं कारण. सध्या 'ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, यूजीसी मान्य' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर पैसे भरू नका. आमच्या मते निर्णय योग्य दिशेचा आहे, पण त्याची झळ ज्यांच्या तालुक्यात मानसशास्त्राचं एम.ए.च नाही अशांना बसली आहे. त्यांच्यापुढे आता दोनच वाटा उरल्या: जिल्ह्याच्या ठिकाणी राहून नियमित एम.ए., किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. दुसरी वाट कमी लेखू नका; सरकारी समुपदेशकांच्या जाहिरातींत ती बहुतेकदा मानसशास्त्राच्या बरोबरीने चालते.

क्लिनिकलचा उंबरठा

एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के, ही एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशाची नेहमीची अट. पुढे दोन वर्षं पूर्ण वेळ, रुग्णालयाला जोडलेलं, देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि मग आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत नाव. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं तरी यूजीसीने या एका शाखेला आणि मनोविकार समाजकार्याला २०२५-२६च्या प्रवेशापर्यंत मुदत वाढवून दिली. त्याच्या जागी आरसीआयने दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) हे अभ्यासक्रम आणले आहेत. नाव सारखं दिसतं म्हणून फसू नका. विद्यापीठाचं साधं एम.ए., ज्यात क्लिनिकल हा एक गट असतो, आणि आरसीआयमान्य एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर नोंदणी मिळत नाही.

फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत चार गोष्टी ताडून पाहा: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, कोणत्या सत्रापर्यंत मान्यता आणि मंजूर जागा किती. मान्यता सत्रापुरती असते. गेल्या वर्षी होती म्हणजे यंदा असेलच असं नाही. जागा एकेका संस्थेत मोजक्याच असतात. म्हणून एकाच प्रवेशपरीक्षेवर सगळा भार टाकू नका. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशा ठिकाणांची तारीखपत्रकं वेगवेगळी असतात. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. खानदेशात एकही नाही. त्यामुळे या दोन वर्षांसाठी घर सोडणं अटळ आहे, आणि घरच्यांशी, विशेषतः मुलीच्या लग्नाची घाई असेल तर, हे बोलणं एम.ए.च्या आधीच झालेलं बरं.

इथे परतल्यावर काम कुठे

नोंदणी असलेल्याला काम शोधावं लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून टप्प्याटप्प्याने वाढला. त्याच्या जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद धरलेलं असतं. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या गावांत मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यांना चाचण्या घेणारा माणूस हवा असतो. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळवायची तर तपासणी लागते, आणि पालक त्यासाठी नाशिक-पुण्याला खेटे घालतात.

नुसत्या एम.ए.वर मिळणारी कामं वेगळी. एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्र, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचं मैत्री क्लिनिक, व्यसनमुक्ती केंद्र, बालगृह आणि निरीक्षणगृह. यातली बहुतेक कंत्राटी आहेत. करार साधारण अकरा महिन्यांचा, नूतनीकरणाची दर वर्षी धाकधूक. काम मात्र खरं आहे आणि दोन वर्षांत पाचशे माणसांशी बोलून जे हाती येतं ते वर्गात मिळत नाही. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे जागा निघतात. पण रुजू होण्याआधी कामाचं स्वरूप लिहून घ्या. तास रिकामा दिसला की समुपदेशकाला पर्यवेक्षणाला पाठवतात, आणि आपल्याच पेपरवर पहारा देणाऱ्यापाशी मूल मन मोकळं करत नाही. राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांत असं स्वतंत्र पद सहसा दिसत नाही.

शिकवण्याची वाट अरुंद आहे. कनिष्ठ महाविद्यालयाला एम.ए. आणि बी.एड., वरिष्ठला ५५ टक्क्यांचं एम.ए. आणि नेट किंवा सेट. ते झाल्यावरही अनेकांची उमेदीची वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जातात. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागासाठी नुसतं बी.ए. मानसशास्त्र पुरत नाही. त्यावर एमबीए किंवा कामगार कायद्यांचा अभ्यास हवा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला मानसशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो, दोन पेपर, ५०० गुण. एमपीएससीनेही वर्णनात्मक पद्धत आणल्यावर तशीच सोय केली आहे.

भुसावळकरांसाठी एक वेगळी बाब. रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायला संगणकावरची अभिक्षमता चाचणी पास व्हावी लागते. प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण लागतात, एका भागातही सवलत नाही, आणि अंतिम यादीत या चाचणीला ३० टक्के भार आहे. टी-गुण म्हणजे काय, ५० हा मध्य आणि १० हे प्रमाण विचलन का धरतात, हे बी.ए.च्या सांख्यिकीतच येतं. रेल्वे कॉलनीतल्या पोरांना पाठांतराच्या क्लासपेक्षा अवधान आणि आकलनवेगाचा सराव समजावून सांगणारा मानसशास्त्राचा पदवीधर जास्त उपयोगी पडेल.

शेवटी एक सवय, जी पहिल्या वर्षापासून लावली तर पुढे फार कामाला येते. प्रत्येक क्षेत्रभेटीची, चाचणीची, निरीक्षणाची नोंद एका बांधीव वहीत ठेवा: तारीख, ठिकाण, तास, काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली. रुग्णाचं नाव लिहायचं नाही, फक्त वय, लिंग आणि क्रमांक. देखरेख करणाऱ्याची सही आणि नोंदणी क्रमांक त्याच आठवड्यात घ्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बदलून जातात, बंधपत्रावर आलेले तर वर्षभरातच, आणि मग वर्षापूर्वीच्या तासांवर सही करायला कुणी तयार होत नाही.